तिसऱ्या ठोक्यानंतर

कोल्हापूर, १४ नोव्हेंबर १९१२

मीराभाई, सलाम.

थोरल्या भावाला पत्रात 'तुम्ही' लिहावं असं शाळेत शिकवलं होतं. ते मला जमणार नाही. एका ताटात जेवलेल्या माणसाला तुम्ही म्हणायला लागलो तर अम्मा म्हणेल, पोरगं परक्यात गेलं.

हे पत्र ज्ञानू गाडीवानाकडे देतो आहे. गुळाची गाडी घेऊन आंबा घाट उतरायच्या आधी तो मलकापुरात बैलांना पत्र्या मारून घेतो, आणि हल्ली त्या तू मारतोस, हे त्यानेच येऊन सांगितलं. घर सोडून तू नालबंदीच करतो आहेस हे ऐकून मला हसू आलं. अब्बांना सांगितलं तेव्हा त्यांनी घोड्याचा पाय गुडघ्यात धरला होता. मान वर न करता म्हणाले, बैलाला आडवं पाडून पत्र्या मारायच्या, त्यात काय कसब. पण त्या दिवशी ते दुकानात कुणावर ओरडले नाहीत.

तुझा निरोप पोचला. ज्ञानूने तो शब्दाला शब्द सांगितला आणि सांगताना बिचारा माझ्याकडे बघेना. "लाल्याला म्हणावं, मला काय दिसलं न्हाय, असं सगळ्या संघाम्होरं सांग. त्या दिवशी घरी येतो. न्हायतर मला भाऊ न्हाय."

मीराभाई, मला काय दिसलं ते पुन्हा लिहितो, म्हणजे आपण भांडतोय ते एकाच गोष्टीवर एवढं तरी ठरेल. हॉकीच्या सरावाचा खेळ होता. मिरजेच्या सामन्याला सेंटर तू की उचगावचा कृष्णात, हे संघ चालवणारे हंबीरराव त्या दिवशी ठरवणार होते. आधीच्या दोन्ही बुल्या कृष्णातने घेतल्या. तिसऱ्या बुलीला चेंडू मध्ये ठेवून तुम्ही दोघे समोरासमोर वाकलात. काठी जमिनीला, काठी काठीला, असं तीनदा झालं. तिसरा ठोका पडला, चेंडू निघाला, कृष्णातच्या डाव्या अंगाने गेलासुद्धा, आणि मग तुझी काठी वरून त्याच्या बोटांवर आली. तू म्हणालास हात निसटला. बाकीचे चेंडूमागे धावले होते, त्यांच्या पाठी तुझ्याकडे होत्या. मी बॅकला उभा होतो. बॅकचं कामच बघत राहण्याचं. हंबीररावांनी मला विचारलं आणि मी म्हणालो, चेंडू गेला होता, मग काठी आली. याहून एक अक्षर जास्त बोललो नाही. 'मुद्दाम' हा शब्द माझ्या तोंडून निघाला नाही, तो ऐकणाऱ्यांनी आपापल्या मनात घातला.

तू काठी तिथेच टाकून गेलास, आणि संध्याकाळी घरातून गेलास.

आता हसायची गोष्ट ऐक. संघाला सेंटर उरलेला नाही. एकाची दोन बोटं मोडली, एक मलकापूरला बैल पाडतो आहे. काल हंबीरराव म्हणाले, "लालासाब, तू बोललास, सेंटर गेला. आता तूच हुबा ऱ्हा तिथं." सामना फेब्रुवारीत आहे. मी जन्मात कधी बुली घेतलेली नाही, हे तुझ्याइतकं कुणाला ठाऊक?

तिसऱ्या ठोक्यानंतर मनगट कसं वळवतोस, तेवढं ज्ञानूकडून कळव. राग ठेवूनही एवढं सांगता येतं.

लालासाब


कोल्हापूर, २ डिसेंबर १९१२

मीराभाई,

ज्ञानू परत आला, पण तुझा काही निरोप नव्हता. पत्र घेतलंस का, म्हणून विचारलं तर म्हणाला, घेतलं आणि खिशात घातलं. खिशात घातलंस, भट्टीत नाही, यावर मी चार दिवस खूश होतो.

बुलीचं म्हणशील तर माझी शोभा झाली आहे. पहिल्या दिवशी समोर हंबीरराव स्वतः उभे राहिले. एक, दोन, तीन ठोके बरोबर पडले. तिसरा पडला आणि मी काय केलं असेल? एक पाऊल मागे सरलो, गुडघे वाकवले आणि हंबीररावांच्या डोळ्यात बघत फिरायला लागलो. तालमीत सलामी झाली की सरतो ना, तसा. लहानपणापासून वस्तादांनी घोटलेलं: हात मिळाला की मागे हो, खडाखडी कर, समोरच्याला आधी येऊ दे. हंबीररावांनी चेंडू शांतपणे माझ्या पायांमधून नेला आणि सगळा माळ हसला. पुन्हा केली, पुन्हा मागे सरलो. पाय माझं ऐकेनात. तालीम आणि बॅक, दोन्हीकडे मी एकच शिकलो आहे, की दुसरा काय करतो ते बघ आणि मग हल.

तुझं असं कधी झालं नाही. तूही त्याच हौद्यातल्या मातीत वाढलास, पण हात मिळायच्या आधीच तू अर्धा पुढे असायचास. वस्ताद त्यावरून तुला शिव्या द्यायचे आणि मला शाबासकी. आता वाटतं, त्यांनी उलटं करायला हवं होतं.

तिसऱ्या दिवशी कृष्णात आला. हात पंच्यात गुंडाळून गळ्यात अडकवलेला. मला वाटलं, मला बघून परत फिरेल. तो थोडा वेळ बाजूला बसून शेंगा खात राहिला आणि मग उठून आला. "आरं, ही काय कुस्ती हाय व्हय? मागं कशाला सरतोस? तिसरा ठोका म्हंजी सलामी न्हवं. तिसरा ठोका म्हंजी कुस्ती संपत आली." मग त्याने काय करावं? माझ्या मागे उभा राहिला आणि दर तिसऱ्या ठोक्याला ढोपराने माझ्या मांडीवर दणका द्यायला लागला. मागे सरलो की दणका. तीन दिवसांत मांडी काळीनिळी झाली आणि पाय जागेवर राहायला शिकला.

तो रोज येतो. उचगावहून चालत येतो, शिकवतो आणि जातो. तुझं नाव काढत नाही. मीही काढत नाही.

लालासाब


कोल्हापूर, २३ डिसेंबर १९१२

मीराभाई,

या खेपेला निरोप आला! ज्ञानू गाडी सोडायच्या आधी तडक दुकानात आला आणि म्हणाला, "मीरासाबनं सांगितलंय, मनगट न्हवं, कोपर." बस, एवढंच. मी त्याला दोनदा विचारलं, आणखी काही? म्हणाला, न्हाय, मनगट न्हवं, कोपर.

तुला चुकीचं शिकवलेलं सहन होत नाही हे मला माहीत होतं. त्याच्यावरच भिस्त ठेवून मी ते मनगटाचं लिहिलं होतं. तू बरोबर सांगितलंस. कोपर अंगाशी ठेवलं की काठी आपोआप आत वळते. कृष्णातला मी म्हणालो नाही की हे कुठून आलं. तो माझं कोपर बघत राहिला आणि नुसता हसला. ओळखलं असणार.

पण ताबुताला तू आला नाहीस. तालमीत पंजे बसले, गल्लीतल्या हिंदूंच्या बायका नवस फेडून गेल्या, मिरवणुकीत दरसाल तू जिथे पंज्याला खांदा द्यायचास तिथे यंदा गणपतराव सुताराचा पोरगा होता. अम्मा दारात उभी होती. प्रत्येक उंच पोराकडे बघत होती. मिरवणूक वळली तेव्हा आत गेली आणि तुझ्यासाठी केलेले गोड चोंगे तसेच राहिले.

काल तिने मला धरलं. अम्मा कधी भीड ठेवत नाही, तुला माहीत आहे. म्हणाली, "दिसलं न्हाय म्हण की. दोन शब्दांनी तुझी जीभ झिजतीया व्हय? खऱ्याचं काय लोणचं घालायचंय?"

तिला नाही सांगितलं ते तुला सांगतो. मला ते म्हणायचं आहे. रोज म्हणावंसं वाटतं. तू येशील, अम्मा जेवेल, अब्बांना थोरल्याचा हात मिळेल, कारण मी मारलेल्या नालांनी घोडे लंगडत नाहीत एवढंच, बाकी तुझी सर नाही. दोन शब्द म्हणायचे आणि हे सगळं परत मिळवायचं, असा सौदा कोण सोडेल?

म्हणून मी तुझ्या जागेवर उभा राहून शोधतो आहे. मागून मला जे दिसलं ते चुकीचं असू शकतं का? चेंडू गेल्यावरही काठी आपली आपण खाली येऊ शकते का? हात निसटतो तर कसा निसटतो? मला एकदा, एकदाच, माझा हात तसा निसटलेला सापडू दे. मी त्याच संध्याकाळी संघासमोर जाईन आणि म्हणेन, माझी चूक झाली, मला दिसलं नाही. ते खोटं असणार नाही आणि तू घरी येशील. मी बुली शिकतोय ती मिरजेसाठी नाही, हे हंबीररावांना सांगू नकोस.

लालासाब


कोल्हापूर, १९ जानेवारी १९१३

मीराभाई,

बुली आता येते. अशी सहज नाही, पण येते. कशी आली ते सांगतो, तुला पटेल.

मी काठीकडे बघत होतो. सगळे काठीकडेच बघतात. एक दिवस दुकानात एका पागेची घोडी आली होती, लाथाडी. तिचा मागचा पाय उचलताना मी नेहमीसारखं पायाकडे बघितलंच नाही, खांद्याकडे बघितलं. लाथ पायातून निघते पण आधी वजन दुसरीकडे जातं, आणि ते खांद्यावर दिसतं. हे अब्बांनी आपल्या दोघांनाही कानशिलात मारून शिकवलंय. दुसऱ्या दिवशी माळावर मी हंबीररावांच्या खांद्याकडे बघितलं. तिसऱ्या ठोक्याच्या आधी त्यांचा उजवा खांदा बोटभर खाली जातो. जातो म्हणजे जातोच. त्या दिवशी दहातल्या सात बुल्या मी घेतल्या आणि हंबीररावांनी टोपी काढून घाम पुसला. म्हणजे मला बॅकचं बघणं सोडायचं नव्हतंच. बघायचं तेच, फक्त बघून झाल्यावर थांबायचं नाही.

आता दुसरं. मला अजून तुला सोडवणारं काही सापडलेलं नाही. दवात खेळलो, मूठ ओली होती, काठी निसटली. पण ती आडवी निसटते, नडगीवर जाते. माझ्या दोन्ही नडग्या बघितल्यास तर सांगशील. घामाने निसटली तेव्हा हातातून सुटून पुढे पडली. वरून खाली, मुठीवर, ती एकदाही आली नाही. मी आणखी शोधतो. सामन्याची घाई सरावात नसते, कदाचित घाईत तसं होत असेल.

कोपर छान चालू आहे. अब्बांना ताप होता, उतरला. तुला कळवू नको म्हणाले, म्हणजे कळव.

लालासाब


कोल्हापूर, १० फेब्रुवारी १९१३

मीराभाई,

काल सामना झाला. हरलो. दोन विरुद्ध एक.

मिरजेचा सेंटर रेल्वेतला आहे, धिप्पाड, दात पुढे आलेले. पहिल्या बुलीला वाकताना तो हळूच म्हणाला, भाऊ पळून गेला तो तूच का? बातमी मिरजेपर्यंत पोचली आहे. मी खांद्याकडे बघितलं आणि चेंडू काढून घेतला. आमचा गोल त्यातूनच झाला. माळावर किती माणसं होती म्हणून सांगू, उचगावची निम्मी तालीम आली होती.

मग त्यांनी गोल फेडला. एकास एक. वेळ थोडा उरला होता. पुन्हा मध्ये बुली. वाकलो. तो माझ्या खांद्याकडे बघत होता. ते कसब त्यालाही येत होतं. तिसरा ठोका पडला आणि चेंडू त्याने काढला. गेला, माझ्या डाव्या अंगाने. आणि जाता जाता त्याने काठीचा बुंधा माझ्या नडगीवर हाणला, जुन्या जखमेवरच.

माझी काठी वर होती. कशी गेली ते ठाऊक नाही, पण वर होती. त्याची मूठ खाली होती, उघड्यावर, माझ्या काठीच्या बरोबर खाली. चार बोटं, पांढरी पडलेली, घट्ट धरलेली. मी ती बघितली, मीराभाई. एवढा वेळ असतो. मला वाटायचं तिथे वेळच नसतो, सगळं एका श्वासात होतं, माणसाला कळत नाही. तिथे मला अम्मा आठवली, तू आठवलास, त्याचं ते 'पळून गेला' आठवलं आणि ही बोटं मोडली तर किती बरं वाटेल हेही आठवलं. बरं वाटलं असतं. आत्ता लिहितानाही हात गरम होतो आहे.

मी काठी बाजूला मातीत आपटली. तोवर तो गेला आणि गोल झाला. धावलो असतो तर कदाचित अडवलाही असता. काठी मातीतून काढण्यात तो क्षण गेला.

तर मला जे शोधायचं होतं ते सापडलं, आणि मला हवं होतं ते नाही सापडलं. हात निसटत नाही. माणूस काठी आणतो. मला बरोबर दिसलं होतं.

पण मागे उभं राहून मला एवढंच दिसलं होतं. तिथे काय होतं, ते मला काल कळलं. तू वाईट आहेस म्हणून ती काठी आली असं मी कुठेतरी मनात धरून बसलो होतो, ते गेलं. तुझ्यात आणि माझ्यात काल अंतर होतं ते हातभर मातीचं. माझी काठी मातीत गेली, तुझी गेली नाही. उद्या माझीही जाणार नाही कदाचित.

मी संघासमोर ते दोन शब्द म्हणणार नाही. अम्माला रात्री सांगितलं. तिने माझ्यासमोर ताट ठेवलं आणि तोंड फिरवलं. तू ठरवल्याप्रमाणे मला भाऊ मानू नकोस. मी मात्र तुला मानतो, त्याला तुझी परवानगी लागत नाही.

लालासाब


कोल्हापूर, १४ फेब्रुवारी १९१३

मीराभाई,

मागचं पत्र शेवटचं ठरवलं होतं. म्हणजे दहा तारखेचं. ज्ञानू दोन दिवस अडकून पडला म्हणून दोन्ही एकदम मिळतील. हे आधी वाचलंस तरी चालेल.

काल मी उचगावला गेलो. कृष्णात सामन्यानंतर माळावर आला नाही, म्हटलं रागावला असेल, हरलो म्हणून. त्याच्या घरी मी पहिल्यांदा गेलो. तीन महिने तो चालत माझ्याकडे येतो आणि मला त्याचं घर विचारत जावं लागलं, वेशीवरच्या माणसाने पावणं कुठनं आला म्हणून चौकशी केली. त्याची आई बाळाबाई अंगणात मिरच्या निवडत होती. मला ओळखलं तिने. आतून ताक आणून दिलं.

कृष्णात गोठ्यात होता. मी त्याला सगळं सांगितलं. तुझा निरोप, तुझी अट, अम्मा, माझी पत्रं, मी बुलीत काय शोधत होतो, सामन्यात माझी काठी कुठे होती. मी म्हणालो, मला भावाला वाचवता येईना आणि खोटंही बोलता येईना. मला वाटलं, त्याला माझं कौतुक वाटेल. खरं सांगतो, मला तसं वाटलं.

तो वैरण टाकायचा थांबला. "तीन म्हयनं तुमी दोघं भाऊ भांडताय. तो म्हणतोय दिसलं न्हाय म्हण, तू म्हणतोस दिसलं. आन् बोटं कुणाची हायती?"

मी त्याच्या पंच्यातल्या हाताकडे बघितलं.

"माझी हायती न्हवं? मग मला कुणी काय इचारलं का? त्यानं इचारलं न्हाय. हंबीररावांनी न्हाय. तू तर रोज म्होरं हुबा असायचास."

मीराभाई, तो रागावला नव्हता. बैलाची वैरण कमी पडली असं सांगावं तसं सांगत होता. आणि मी आठवू लागलो. मांडीवर दणके देणाऱ्या माणसाला, ज्याचा हात माझ्या डोळ्यांसमोर गळ्यात अडकवलेला होता, मी एकदाही काय म्हणून विचारलं नाही. माझं सगळं लक्ष तू मारलंस की नाही यावर होतं. तुझं, मला दिसलं की नाही यावर. संघाचं, सेंटर कोण यावर.

मग तो म्हणाला ते तुला लिहितो, कारण त्याने लिही म्हणून सांगितलंय. "मीऱ्याला लिही, ते साक्षीचं ऱ्हाऊ दे. लालासाबनं शब्द फिरवायचा न्हाय, आन् मीऱ्यानं संघाम्होरं कायबी सांगायचं न्हाय. उचगावला यायचं. माझ्या दारात यायचं आन् इचारायचं, किस्ना, बोटं कशी हायती? येवढंच. मी सांगीन. मग भाकरी खाऊन घरी जावं."

मी तिथेच विचारलं. माझं मी विचारलं, तुझ्यासाठी नाही. त्याने पंचा सोडला आणि हात माझ्यासमोर धरला. दोन बोटं सांधली आहेत, पण वाकडी, आणि वळत नाहीत. पहाटे थंडीत ठणकतात. नांगराची मूठ धरता येते, दूध काढायला डावा हात वापरतो. खेळाची काठी धरता येत नाही आणि येणारही नाही, वैदूने डिसेंबरातच सांगितलं होतं. डिसेंबरात, मीराभाई. म्हणजे त्यानंतरही रोज चालत येऊन मला शिकवत होता तेव्हा त्याला माहीत होतं.

हे सगळं मी तुला आता सांगितलं. तरी तू येऊन विचार. तो ते मला सांगून मोकळा झालेला नाही, तुला सांगायचं म्हणून थांबला आहे.

लालासाब